मदत हवी आहे: १२ व्होल्टचं घरच्या लाइनवर चालत नाही

बंडीवाला: घरच्या लाइनवर १२ व्होल्टचं चालवायचं आहे. अडॅप्टर लावून पाहिला, नाही चालत. कोणता घेऊ ते लवकर सांगा, सकाळी काम आहे.

खटका: काय आहे ते तर सांग भाऊ. टेप, फ्रीज, का आणखी काही? अडॅप्टर किती अँपिअरचा?

बंडीवाला: हवा भरायचा पंप, कारमधल्या लायटरच्या सॉकेटात लावतात तो. अडॅप्टर १२ चाच आहे, वायफायच्या डब्ब्याचा. पंपाचा लाइट लागते, मोटर नुसती हुं करते.

खटका: वायफायवाला १ नाहीतर २ अँपिअरचा असते. नुसते व्होल्ट जुळून काय होते? पंपाच्या बुडाशी वॅट लिहिले असतील, ते वाच.

संत्रा_बर्फी: १५० वॅटचा कार इन्व्हर्टर घ्या, विषय संपला.

खटका: तो १२ चे २३० करते. याले २३० चे १२ पाहिजे.

रिटायर वायरमन: ट्रान्सफॉर्मर, ब्रिज डायोड अन् मोठा कपॅसिटर. आम्ही ट्रॅक्टरचे टेप घरी असेच वाजवले. आजकालचे इलेक्ट्रॉनिक सप्लाय, ते एसएमपीएस, खेड्यातल्या लाइनवर टिकत नाहीत.

खटका: काका, टेप कुठं अन् पंप कुठं! १० अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर महाग अन् जड. वरून कपॅसिटर लावला की बिनलोड १६ व्होल्ट दाखवते.

रिटायर वायरमन: ओलिताच्या मोटरी सुरू झाल्या की आमच्या इथं १६० व्होल्ट येते. तेव्हा सांग तुझ्या एसएमपीएसले.

खटका: तेव्हा तुमच्या ट्रान्सफॉर्मरचे १२ चे साडेआठ होतात, तेही सांगा.

हायवे_किंग: नायट्रोजन भरा. प्रेशर कमी उतरते.

बंडीवाला: बैलबंडीचा टायर आहे राजेहो! कापूस न्यायचा आहे. पंपावर १२० वॅट लिहिलं आहे.

संत्रा_बर्फी: मग कारवरच काऊन नाही लावत?

बंडीवाला: कार जावयाची. ते गेले, पंप राहिला.

संत्रा_बर्फी: शेजारी ट्रॅक्टर असेल.

बंडीवाला: त्यानं ट्रॅक्टर दिला असता तर बंडी कशाले जुपली असती?

खटका: १२० वॅट म्हणजे १० अँपिअर, सुरू होताना आणखी जास्त. १२ व्होल्ट २० अँपिअरचा एसएमपीएस घे, एलईडी बोर्डवाले लावतात तो जाळीचा पत्र्याचा डब्बा. बाजूले ११०/२२० चा खटका असला तर लाइन द्यायच्या आधी २२० वर कर. अर्थिंग जोड, स्क्रू उघडे ठेवू नको, घरात पोरं असतात. पंपाकडची वायर जाड अन् आखूड पाहिजे. पातळ वायर तापते अन् पंपापर्यंत १२ पोचतच नाहीत.

बंडीवाला: आता रात्री कोणतं दुकान उघडं आहे?

पऱ्हाटी: फवारणीचा बॅटरी पंप नाही का घरी? त्यात १२ व्होल्टचीच बॅटरी असते, ८ नाहीतर १२ अँपिअर-अवरची. फुल चार्ज असली तर एक टायर भरून जाते. मी मोटारसायकलचा भरला आहे.

खटका: चालते. पण थेट बॅटरीवरून घे, फवारणी पंपाच्या बटनातून नको. ते बटन अन् त्याची वायर एवढ्या करंटची नसते. मधात १५ अँपिअरचा फ्यूज टाक, अन् हवेचा पंप सलग दहा मिनिटांच्या वर चालवू नको.

पऱ्हाटी: कापूस सीसीआयच्या सरकारी खरेदीले नेता का? ओलावा १२ टक्क्यांच्या वर असला तर वापस पाठवतात. उन्हात टाका आधी.

बंडीवाला: ओलाव्याचं मागून पाहू. बॅटरी काढली आहे. लाल वायर सॉकेटाच्या मधल्या पिनले का बाजूच्या पत्र्याले?

खटका: मधल्या पिनले प्लस, पत्र्याले मायनस.