ऐन झटक्यातली तपासणी आणि डाळीवरचा राग

तूरडाळ आणि पालक बंद करूनही वडिलांचा अंगठा पुन्हा सुजला, आणि त्याच दिवशीच्या तपासणीत युरिक अॅसिड ५.९, म्हणजे मर्यादेत, आले, म्हणून हा गाऊट (युरिक अॅसिडचे स्फटिक सांध्यात साठून येणारी सूज) नसावा, असे आपण लिहिले आहे. हा निष्कर्ष घाईचा वाटतो. ऐन झटक्यात रक्तातील पातळी तात्पुरती उतरू शकते, त्यामुळे सूज ओसरल्यावर दोनेक आठवड्यांनी ती पुन्हा तपासावी. खात्रीच हवी असेल, तर सांध्यातील पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली सुईसारखे स्फटिक पाहतात.

डाळीवर मात्र विनाकारण राग निघतो. डाळी-पालकातल्या, म्हणजे वनस्पतिजन्य, प्युरिनमुळे (ज्यापासून शरीरात युरिक अॅसिड बनते तो घटक) धोका वाढत असल्याचे मोठ्या पाहण्यांत दिसलेले नाही. बिअर, कलेजी, सुकट, तारली आणि गोड शीतपेये यांचा हिशेब आधी मांडावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, रक्तदाबासाठी ते हायड्रोक्लोरोथायझाइडसारखी लघवी वाढवणारी गोळी घेत असतील, तर तिच्यामुळे मूत्रपिंडातून युरिक अॅसिड कमी बाहेर पडते. लोसार्टन या रक्तदाबाच्याच दुसऱ्या गोळीने उलट रक्तातील युरिक अॅसिड थोडे उतरते, तेव्हा गोळी बदलता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. ती परस्पर बंद करू नये.

युरिक अॅसिड कमी करणारे अॅलोप्युरिनॉल सुरू झाल्यास पहिले काही महिने झटके वाढूही शकतात, कारण साठलेले स्फटिक विरघळू लागतात, आणि नेमके तेव्हाच ‘औषध बाधले’ म्हणून अनेक जण ते सोडून देतात. म्हणूनच कमी मात्रेपासून सुरुवात करून, सोबत झटके रोखणारे कोल्चिसिन देऊन, पातळी सावकाश ६ च्या खाली आणतात. अंगावर पुरळ उठल्यास मात्र अॅलोप्युरिनॉलची गोळी त्वरित थांबवून डॉक्टरांना गाठावे.