डावखुऱ्या लेकीला काय सांगू?

चिमणघर:
यंदा गौरीजेवणाला घरी पाच सवाष्णी होत्या. माझी लेक, वय वर्षं सात, पक्की डावखुरी. कुंकवाचा करंडा घेऊन हौसेनं पुढे झाली आणि डाव्या हाताच्या अनामिकेनं कुंकू लावायला गेली. सासूबाईंनी मनगट धरलं. रागावल्या नाहीत, पण "तो हात नको गं बाळा" म्हणाल्या. पोर गप्पच झाली.

मग पानं वाढताना मी सांगत होते, मीठ वर मधोमध, लिंबू-चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे. तर म्हणते, "डावं वाईट असतं तर चटणी तिकडे कशी?" चटणी म्हणजे तिचा जीव. मला काही सुचेना. शास्त्रार्थ नकोय, पोरीला पटेल असं सांगा.

जुना_डावखुरा:
लेकीला शाबासकी द्या. मी एकसष्ट वर्षांचा डावखुरा. ताटाचं मला तरी एवढंच कळतं, की उजव्या हातानं जेवणाऱ्याला पोळीबरोबर सारखं लागतं ते हाताशी, आणि बोटभर चाटायचं ते पलीकडे.

माझं जेवण आजीनं उजव्या हातावर आणलं, उलथन्याचा धाक दाखवून. लिहिणं मात्र डाव्यानंच राहिलं. आपण लिहितो डावीकडून उजवीकडे, त्यामुळे ओल्या शाईवरून हात फिरायचा आणि करंगळीची कड शाळा सुटेपर्यंत निळी. तबला शिकायला गेलो तेव्हा गुरुजींनी काही न बोलता डग्गा उचलून उजवीकडे ठेवला. घरी येऊन मी ते तीनदा सांगितलं होतं.

एक करा, डावखुऱ्यांची कात्री आणा. साध्या कात्रीचं पातं त्या हातात नेमकं कापायची रेघ झाकतं, आणि बाई म्हणतात पोर वेंधळी आहे.

पळीपंचपात्र:
सासूबाईंचं अगदीच चुकलं असं नाही. तीर्थ, प्रसाद, कुंकू उजव्या हातानं, प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला. शौचाला डावा म्हणून देवाला उजवा, अशी ती वाटणी.

पण डावं अशुभ म्हणाल तर विठोबाच्या आरतीत 'वामांगी रखुमाई' कशाला म्हणतो आपण? जानवंसुद्धा एरवी डाव्याच खांद्यावर, ते सव्य. पितरांचं करताना उजव्यावर घेतात, ते अपसव्य. श्राद्धात ही अदलाबदल इतक्यांदा होते, की 'सव्यापसव्य' म्हणजे नसती यातायात असा अर्थच होऊन बसला. आणि गणपती! सिद्धटेकचा, प्रभादेवीचा उजव्या सोंडेचा. त्याचं सोवळं कडक मानतात. म्हणून घरी आणताना लोक डाव्या सोंडेचा बघून घेतात.

शब्दखोर:
भाषा मात्र उजव्याच्या बाजूची. कूस उजवते, मुलगी उजवतात, सरस ते 'उजवं'. डाव्याच्या वाट्याला काय, तर डावलणं! विराटपर्वात अर्जुन आपल्याला सव्यसाची का म्हणतात ते सांगतो: गांडीव ओढताना माझे दोन्ही हात उजवेच. म्हणजे डाव्याचं कौतुक करायचं तेही त्याला उजवा म्हणून! हे लेकीला सांगू नका, चिडेल. त्यापेक्षा सचिन तेंडुलकर सांगा. बॅट उजव्यानं, सही डाव्या हातानं.

चिमणघर:
सगळ्यांचे आभार. कात्री मागवली. सोंडेचं सांगितल्याबरोबर बाईसाहेब देवघरातला पितळी गणपती उचलून घेऊन आल्या. सोंड डावीकडे. मग तिथूनच ओरडली, "आजी, मोदकपण डाव्या हातात आहे!" सासूबाईंनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं आणि "आधी त्याला जागेवर ठेव" एवढंच म्हणाल्या. कुंकवाचं अजून ठरलेलं नाही.