घरात रोज मराठी ख्रिस्ती गीतं म्हणायची सवय कशी लावता? (इंदूर)

पलासियावाली
नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचेच, सासर मूळ नगरकडचं, सासरे नोकरीसाठी इकडे आले आणि मग इथलेच झाले. आमच्या चर्चमधे उपासना हिंदीत असते, मुलांना यूट्यूबवरची हिंदी-इंग्लिश वर्शिप गाणी तोंडपाठ आहेत आणि मलाही आवडतात, खोटं कशाला बोलू. पण सासूबाई होत्या तोवर घरात सकाळी मराठी गीतं चालायची, कणीक मळता मळता त्या म्हणायच्या. आता त्या नाहीत, त्यांचं उपासना संगीत हे गीतांचं पुस्तक कपाटात आहे, त्यात नुसते शब्द आणि चालीचं एखादं नाव, आणि त्या चाली मला अर्ध्या येतात अर्ध्या नाही. सकाळी डबे, पाणी, त्यात कचरागाडीचं गाणं वाजलं की बादल्या घेऊन पळा, आणि मग ते गाणंच दुपारपर्यंत डोक्यात. मोबाईलवर चार ग्रुपवर "आजचा आशीर्वाद" येतो, फुलाचा फोटो आणि खाली वचन, मी हात जोडलेला इमोजी टाकते आणि झालं, दहा मिनिटांनी विचाराल तर वचन कोणतं होतं सांगता यायचं नाही. तुम्ही लोक घरी काय करता? कोणती गीतं, कधी, मुलांना कसं बसवता? उपदेश नको प्लीज, तो रविवारी मिळतोच.

काळी_चार
ताई मुलांना बसवूच नका. बसवलं की तो क्लास होतो. मी चर्चमधे पेटी वाजवतो, बरीच वर्षं, आणि माझं स्पष्ट मत आहे की घरात गाणं लावायचं नसतं, म्हणायचं असतं. स्पीकरवर लावलं की ते पंख्यासारखं चालू राहतं, कोणी ऐकत नाही. तुम्ही स्वतः बेसूर का होईना म्हणा, पोळ्या लाटताना म्हणा, एकच गीत महिनाभर धरा, दुसरं घ्यायचंच नाही. मुलं वैतागतील, "मम्मी पुन्हा तेच" म्हणतील, आणि मग एक दिवस बाथरूममधून तेच ऐकू येईल.

दोन प्रॅक्टिकल गोष्टी. यूट्यूबच्या ट्रॅकची पट्टी त्या गायकाच्या सोयीची असते, आपल्या नाही. बायका पुरुषाच्या पट्टीत म्हणायला जातात, वरच्या ओळीला आवाज चिरकतो आणि वाटतं आपल्याला येत नाही. ट्रॅक बंद करा, आपल्या आवाजात जिथे आरामात लागेल तिथून उचला. दुसरं, चाल येत नसेल तर ना. वा. टिळकांची अभंग छंदातली गीतं आधी घ्या. अभंगाचे शब्द असले की त्याच मापाच्या ओळखीच्या अभंगाची चाल त्याला लागते, घरच्या घरी जमतं. माणूस हाडाचा कवी होता हो, मराठीपणा सोडून ख्रिस्ती व्हायचं त्याला मान्यच नव्हतं. १८९३ ला नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला, १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा झाला, पण त्यानंतरही ओवी, अभंग, कीर्तन काही सुटलं नाही. उलट शेकडो गीतं त्याच वळणाने लिहिली.

छत्रीबाग_भजनी
मी ख्रिस्ती नाही, मधे बोलले तर चालेल ना? आमचं भजनी मंडळ आहे, काळी_चार म्हणून राहिलेत ते शंभर टक्के खरं आहे. आमच्याकडे पण ज्या बायकांना पाठ आहे त्यांच्याच तोंडात दिवसभर राहतं, वहीत बघून म्हणणाऱ्या वही मिटली की विसरतात. इंदूरात ख्रिश्चन आणि गाणं म्हटलं की लोक लगेच क्रिश्चियन कॉलेज आणि तिथे शिकलेल्या किशोरकुमारांची कँटीनची उधारी सांगायला लागतात 😄 पण मराठीतलं ख्रिस्ती काव्य त्याच्या कितीतरी आधीचं आहे. गोव्यात फादर स्टीफन्स नावाचे इंग्रज जेझुइट पाद्री होते, त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं, दहा हजारांच्या वर ओव्या! मी एमएला असताना थोडा भाग वाचला होता, पहिल्यांदा वाटलं कुठलं तरी आपलंच जुनं पुराण वाचतेय. ओवी जात्यावर म्हणायची गोष्ट, तेव्हा तुम्ही कणकेवर म्हटली तर ती तिच्या जागीच आहे.

नुसता_वाचक
वेगळं बोलतो, राग मानू नका. मला हा रोजच्या आशीर्वादाचा प्रकारच झेपत नाही. सकाळी उठून सगळं छान आहे, देव चांगला आहे, आज तुमचा दिवस आहे. वडील आयसीयूमधे होते तेव्हा हे फोटोवाले मेसेज इतके डोक्यात जायचे की मी सगळे ग्रुप म्यूट केले. गाणीही तसलीच, सगळी विजयाची. ज्याचा दिवस वाईट आहे त्याने काय म्हणायचं?

महूकर
@नुसता_वाचक त्याने बायबलातलं स्तोत्र ८८ म्हणायचं. खरंच सांगतोय, चेष्टा नाही. स्तोत्रसंहितेतली १५० स्तोत्रं म्हणजे नुसती स्तुती नव्हे, त्यात रडणं, भांडणं, देवाला "का झोपलास" विचारणं, सगळं आहे. आणि ८८ वं तर शेवटपर्यंत सुधरतच नाही, अंधारातच संपतं. तरी ते उपासनेत म्हणायच्या पुस्तकात ठेवलंय, कोणी काढून टाकलं नाही. विजयाच्या गाण्यांचं म्हणाल तर तीही सगळी सुखात लिहिलेली नाहीत. जर्मनीत आयलेनबुर्ग गावात मार्टिन रिंकार्ट नावाचे पाद्री होते, तीस वर्षांचं युद्ध चालू, १६३७ साली गावात प्लेग, हजारो माणसं त्यांनी पुरली, त्यात स्वतःची बायको. आणि त्याच काळातलं त्यांचं देवाचे आभार मानणारं एक गीत आजही जगभर चर्चमधे म्हणतात, ते मुळात जेवणाआधी घरच्यांनी म्हणायला लिहिलं होतं असं मानतात. त्या ताटावर काय असेल विचार करा. मला त्यामुळे आभाराची गाणी वरवरची वाटत नाहीत, फोटोवाले मेसेज वाटतात, तिथे मी तुमच्याच बाजूचा.

पलासियावाली ताई, आम्ही कॅथलिक, आमच्याकडे थोडं वेगळं, पण एक जुनी अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडवाल्यांची) पद्धत तुमच्या कामाची आहे. त्यांच्या प्रार्थनापुस्तकात सगळी १५० स्तोत्रं तीस दिवसांच्या सकाळ-संध्याकाळमधे वाटून दिलेली आहेत. तुम्ही एवढं करू नका, डबे राहतील. रोज एकच घ्या, मोठ्याने वाचा, आणि आवडलं म्हणून निवडू नका, क्रमाने जे येईल ते. आज मूड नाही आणि स्तुती आलीये, तरी वाचायची. आज मजेत आहात आणि विलाप आलाय, तो दुसऱ्या कोणासाठी वाचायचा. माझं तरी त्यानेच टिकलं, मूडवर ठेवलं तेव्हा आठवड्यात सुटलं.

आणि मुलांना प्रेरणा वगैरे द्यायची असेल तर परदेशी गोष्टी कशाला, आपल्या बाजूलाच उदयनगर आहे. सिस्टर राणी मारिया तिथे गरीब आदिवासींसाठी काम करत होत्या, २५ फेब्रुवारी १९९५ ला बसमधून खेचून त्यांचा खून केला. त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन त्या मारेकऱ्याला राखी बांधली. २०१७ च्या नोव्हेंबरमधे इथेच इंदूरात राणी मारियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, आम्ही सगळे गेलो होतो, बसायला जागा नव्हती. राखी प्रत्येक मुलाला माहीत असते, त्यामुळे वेगळं समजवावं लागत नाही.

नुसता_वाचक
८८ वाचलं. हे चर्चमधे कधी कोणी वाचून दाखवलं नाही बुवा. ठीक आहे, मूड सोडून क्रमाने वाचायचं हे पटलं. गायचं मात्र मला सांगू नका, शेजारी तक्रार करतील.

काळी_चार
बायबलात प्रेषितांच्या कृत्यांत बघा, पौल आणि सीला तुरुंगात मध्यरात्री गात होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते. कोणी तक्रार केल्याची नोंद नाही 😀
@पलासियावाली चालींचं एक राहिलं. पुस्तकात लिहिलेली चाल शोधत बसू नका. नगरला सासूबाईंच्या पिढीतलं कोणी असेल तर व्हॉइस नोट मागवा. पेटी नको, तबला नको, नुसता आवाज, पहिलं कडवं आणि धृपद. त्या बायका गेल्या की त्या चाली कुठे मिळणार नाहीत, माझ्या माहितीत त्यांची स्वरलिपी कोणी केलेली नाही. आमच्याकडच्या दोन-तीन तर अशाच हरवल्या, आता शब्द आहेत आणि म्हणायचं कसं कोणाला माहीत नाही.

पलासियावाली
सगळ्यांचं वाचलं, नवऱ्यालाही वाचून दाखवलं. "बसवूच नका" यावर मुलं खूश आहेत. आत्यासासूबाईंना नगरला मेसेज टाकला, त्यांचा लगेच फोन आला, म्हणाल्या व्हॉइस नोट बिट मला येत नाही, तू फोन चालू ठेव मी म्हणते, पण आधी गीताचा नंबर सांग. आता पुस्तक काढते.

काळी_चार
नंबर इथेही टाका. आणि फोन स्पीकरवर ठेवून दुसऱ्या मोबाईलने रेकॉर्ड करा.