'आशियाई' कुणाला म्हणायचं? पडद्यावरच्या माणसांसाठी शब्द हवा आहे

माळवा (इंदूर):

येत्या महिन्यात आमच्या वाचनकट्ट्यावर मला बोलायचं आहे. विषय दिलाय 'चित्रपट-मालिकांमधलं आशियाई प्रतिनिधित्व'. टिपणं काढायला बसले आणि या दोन्ही शब्दांपाशी अडले.

'आशियाई' आपल्याकडे रुळला तो वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावरून. दिल्लीत १९८२ साली स्पर्धा झाल्या आणि एसटीच्या निमआराम गाडीला 'एशियाड' हे नाव कायमचं चिकटलं. पण घरीदारी स्वतःला आशियाई म्हणवणारं माणूस मी पाहिलेलं नाही. ही ओळख आपल्याला लागते ती परदेशी पडदा पाहताना, आणि तिथेही देश बदलला की तिचा अर्थ बदलतो. ब्रिटनमध्ये 'एशियन' म्हणजे रोजच्या बोलण्यात आपण: भारत, पाकिस्तान, बांगलादेशातून गेलेली घरं. इंग्लंड-वेल्सच्या जनगणनेत चिनी लोक 'एशियन' या सदरात आले ते २०११ मध्ये. अमेरिकेत नेमकं उलट. तिथे त्या शब्दासरशी चिनी, जपानी, कोरियन चेहरा उभा राहतो. आपली माणसं १९७० च्या अमेरिकी जनगणनेत गोऱ्यांत मोजली होती. 'एशियन इंडियन' हा रकाना आला १९८० मध्ये.

मग मराठीत मी 'आशियाई कलाकार' म्हटलं तर ऐकणाऱ्याने कोण समजावं? 'पौर्वात्य' कसा वाटतो? आणि 'प्रतिनिधित्व' म्हटलं की मला मतदारसंघच आठवतो. जाणकारांनी सांगावं.

नर्मदा:

'पौर्वात्य' नको, ताई. मराठीत तो पुस्तकी आहे, आदराचाही आहे. वडोदऱ्यात प्राच्यविद्या मंदिर आहे, पुण्यात भांडारकर आहे. पण या विषयात तो 'ओरिएंटल'चा प्रतिशब्द म्हणूनच वाचला जाईल, आणि अमेरिकेने २०१६ मध्ये खास दुरुस्ती करून आपल्या केंद्रीय कायद्यांतून तो शब्द काढला. गालिच्याला चालतो, माणसाला नाही. शिवाय पूर्व म्हणजे कुणाच्या पूर्वेला? इंदुरातून पाहिलं तर बीजिंग नुसतं पूर्वेला नाही, ईशान्येला आहे.

सयाजीबाग (वडोदरा):

दिशेवरून नाव पडलं की काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. आमच्याकडे गुजराती शेजारी मराठी माणसाला 'दक्षिणी' म्हणत आलेत. कोकणातून आलेला, खानदेशातला, देशावरचा, सगळे एकजात दक्षिणी. आजीला ते कधी टोचलं नाही, कारण म्हणणारे आपुलकीने म्हणत. पण 'दक्षिणी लोक असं खातात, असं नेसतात' हे कानावर आलं की ती लगेच विचारायची, "कोणते दक्षिणी?" 'आशियाई सिनेमा', 'आशियाई चेहरा' असं वाचलं की माझाही तोच प्रश्न असतो.

माळवा (इंदूर):

इंदुरातही आमच्या आधीच्या पिढीपर्यंत 'दक्षिणी' सर्रास चालायचं. 'पौर्वात्य' बाद.

हा शब्द किती जपून वापरावा लागतो, ते २०२३ मध्ये दिसलं. मिशेल यो यांना सर्वोत्तम अभिनेत्रीच्या ऑस्करचं नामांकन मिळालं, पुढे मार्चमध्ये पुरस्कारही मिळाला. तेव्हा 'पहिली आशियाई अभिनेत्री' असं सरळ लिहिताना लोक थबकले. 'स्वतःला आशियाई म्हणवणारी पहिली' असं लिहिलं गेलं. कारण मर्ल ओबेरॉन. १९११ साली मुंबईत जन्मलेली ही नटी, १९३५ च्या 'द डार्क एंजल'साठी तिला हेच नामांकन मिळालं होतं. आपल्या घराण्यातलं दक्षिण आशियाई रक्त तिने जन्मभर लपवलं. जन्म टास्मानियातला म्हणून सांगितलं जायचं. खरं सांगितलं असतं तर नायिकेची कामं मिळाली नसती, अशी त्या वेळची हॉलिवूडची रीत. 'म्हणवणारी' या एका शब्दामागे मुंबईच्या एका मुलीचं आख्खं आयुष्य झाकलेलं आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

त्याच काळातली ॲना मे वाँग. लॉस एंजलिसमध्ये जन्मलेली, चिनी घरातली, नावाजलेली नटी. 'द गुड अर्थ' (१९३७) ही चीनमधल्या शेतकरी कुटुंबाची कथा, आणि नायिकेच्या भूमिकेवर तिचा डोळा होता. नायक पॉल म्युनी गोरा. पडद्यावर दोन वंशांमधली जवळीक दाखवायला हॉलिवूडच्या तेव्हाच्या आचारसंहितेची बंदी. म्हणून नायकाच्या बायकोचं काम जर्मनीत जन्मलेल्या लुईझ रायनरला दिलं आणि तिला त्यावर ऑस्कर मिळालं. म्हणजे चिनी बाईचं काम करायला चिनी बाईच नियमात बसेना.

जुना प्रेक्षक:

वाँगवर अन्याय झाला हे मान्य. पण एक शंका आहे. बालगंधर्वांनी भामिनी केली, सिंधू केली आणि आपण त्यांना डोक्यावर घेतलं. नट म्हणजे परकायाप्रवेशच. 'गांधी' (१९८२) मधले बेन किंग्जली अर्धे गुजराती, अर्धे इंग्रज. त्यांनी उभा केलेला गांधी पाहून हा कुणाचा मुलगा, असं कुणी विचारलं नाही. त्याच चित्रपटात आपल्या रोहिणी हट्टंगडींनी कस्तुरबा केल्या आणि त्यांना ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. ज्याची जात त्याचंच काम, हे मला पटत नाही.

आणि 'प्रतिनिधित्व' राहू द्या. कोण किती दिसतं याची मोजदाद करायची तर हाच शब्द लागतो.

माळवा (इंदूर):

बालगंधर्वांचा दाखला मोलाचा आहे, म्हणून नीट उत्तर देते. त्यांच्या काळी घरंदाज बाईने रंगभूमीवर यायचं नाही हा समाजाचा दंडक होता. तो ढिला झाला तशी बायकांची कामं बायकांकडे आली, आणि 'आता बाया कशाला, पुरुष आहेत की' असं म्हणून कुणी अडून बसलं नाही. वाँग तर तिथेच उभी होती, तयार होती, तिचं नाव झालेलं होतं. परकायाप्रवेशाला माझी ना नाही. तो एकाच बाजूला होत राहिला, हे मला डाचतं. गोऱ्याने चिनी व्हायचं. चिनी नटीने गोरी नायिका केल्याचं उदाहरण त्या काळातून काढून दाखवा.

आणि हे फक्त त्यांचं नाही. आपल्याच व्ही. शांतारामांचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' (१९४६) घ्या. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, तिथे जखमींची सेवा करता करता १९४२ मध्ये वारले. त्यांची पत्नी चिनी. पडद्यावर ती केली जयश्रीबाईंनी. हा सिनेमा मला मनापासून आवडतो, त्यात चिनी माणसांबद्दल ओतप्रोत माया आहे. तरीही ती बाई दिसत नाही, जयश्रीबाई दिसतात. बारा वर्षांनी 'हावडा ब्रिज' आला आणि त्यात चँग नावाचा चिनी खलनायक झाला मदन पुरी. एकीकडे आदर, दुसरीकडे बदनामी, आणि दोन्हीकडे रंगवलेला चेहरा आपलाच.

सर्वात जवळचं उदाहरण 'गुरखा'. हे नाव एका समाजाचं, पण आपल्या बोलण्यात त्याचा धंदा झाला. सोसायटीचा राखणदार तो गुरखा, मग तो असो कुठलाही. हिंदी सिनेमात तो टोपी घालून, दंडुका घेऊन 'शाब' म्हणतो आणि फाटक उघडून निघून जातो. त्याला घर नसतं, आडनाव नसतं. आमच्या गल्लीत रात्री शिट्टी वाजवत फिरणारे एक जण होते. आम्ही मुलं त्यांना 'शाब' म्हणून चिडवायचो आणि ते शिकलो होतो टॉकीजमध्ये. त्यांचा 'स' शुद्ध होता.

आता 'प्रतिनिधित्व'. मोजदादीला तो शब्द लागतो हे कबूल. पण प्रतिनिधी आपण निवडून देतो. 'द सिम्पसन्स' या अमेरिकी कार्टून मालिकेतल्या अपू या भारतीय दुकानदाराला कुणी निवडलं होतं? १९९० पासून त्या दुकानदाराला आवाज दिला हँक अझारिया या गोऱ्या नटाने, आणि अमेरिकेतल्या किती तरी भारतीय मुलांना शाळेत त्याच्याच उच्चारात हाका ऐकाव्या लागल्या. भारतीय वंशाचे अमेरिकी विनोदवीर हरी कोंडाबोलू यांनी २०१७ मध्ये त्यावर माहितीपट केला; २०२० मध्ये अझारियांनी तो आवाज सोडला. अपूमध्ये माया नव्हती असं मी म्हणणार नाही. पण दुसरं कुणी दिसतच नव्हतं, म्हणून एक दुकानदार साऱ्या देशाच्या डोक्यावर बसला.

आपलंही तेच. हिंदी सिनेमातला मराठी माणूस म्हणजे वर्षानुवर्षं हवालदार नाही तर मोलकरीण. आणि तोही मुंबईचा. होळकरांच्या इंदुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं, घरात मराठी आणि ओट्यावर माळवी-हिंदी बोलणारं, सकाळी पोहे-जलेबी खाणारं मराठी घर मी अजून हिंदी पडद्यावर पाहिलेलं नाही. मराठी पडद्यावरही फारसं नाही. मी इतकी वर्षं सिनेमे पाहते आहे आणि याची मला खरोखर खंत आहे.

नर्मदा:

दिसायला लागलं तरी कसं दिसतं, हेही बघायला हवं. जुन्या इंग्लंडमध्ये घडणाऱ्या 'ब्रिजर्टन' या इंग्रजी मालिकेचा दुसरा भाग (२०२२) मी आनंदाने पाहिला, कारण भारतातून आलेल्या दोन सावळ्या बहिणी नायिका. धाकट्या एडविनाला येणाऱ्या भाषांत मराठीचं नाव निघालं तेव्हा तर मी उठून बसले. पण आडनाव शर्मा, वडिलांना 'अप्पा', मोठीला 'दीदी', धाकटीला 'बोन'. एका घरात तमिळ, हिंदी, बंगाली. 'आशियाई' या शब्दाने जे होतं तेच तिथे घरात झालंय: सगळं एकाच डब्यात भरलेलं.

सयाजीबाग (वडोदरा):

मग ताई, मथळा काय ठेवताय?

माळवा (इंदूर):

सध्या असं ठरवलंय. मथळ्यात 'आशियाई' ठेवते, कारण ज्या चर्चेबद्दल बोलायचं तिचं नाव तेच आहे. आत मात्र कुठेही नुसतं 'आशियाई' नाही. मिशेल यो मलेशियाच्या, चिनी वंशाच्या, अपू भारतीय, ब्रिजर्टनच्या बहिणी भारतीय, भाषा मात्र सरमिसळ, असं प्रत्येकाचं गावशिव सांगून बोलायचं. 'प्रतिनिधित्व' फक्त संख्येपुरतं. कसं दाखवलं त्याला 'चित्रण'. आणि कथेत त्या माणसाला किती जागा आहे, तो फाटक उघडून जातो की घरात येऊन बसतो, त्यासाठी 'वावर'. हा शब्द मला या विषयात फार नेमका वाटतो.

एक अडचण उरली आहे. गोऱ्याने चेहरा रंगवून चिनी होणं, किंवा मदन पुरींनी चँग होणं, याला मराठीत काय म्हणावं? मी 'सोंग' लिहिलंय. पण भारुडातलं, दशावतारातलं सोंग भक्तीचं असतं आणि 'सोंग करू नकोस'मधलं लबाडीचं. जयश्रीबाईंसाठी हा शब्द लिहिताना हात अडखळतो. दुसरा सुचत असेल तर शनिवारपर्यंत कळवा.

जुना प्रेक्षक:

'रंगवलेली भूमिका' म्हणा. त्यात दोष नाही आणि लपवाछपवीही नाही. शनिवारी टिपण पूर्ण झालं की इथे टाका, वावरावरचा भाग मला वाचायचा आहे.