मदत हवी आहे: इंडेक्स असूनही दूधबिलाची क्वेरी फार हळू चालते (पोस्टग्रेस १४ डेटाबेस)

नमस्कार मंडळी,

दूध संस्थांचं बिलिंग सॉफ्टवेअर हल्लीच माझ्याकडे देखभालीला आलंय. २० संस्था, मिळून सहा हजार सभासद, सकाळ-संध्याकाळचं माप. वर्षभरात 'संकलन' टेबलात ४३ लाख ८० हजार रेकॉर्ड झालेत. दर दहा दिवसांनी बिल निघतं, आणि एका संस्थेच्या तीनशे बिलांना पाच-सहा मिनिटं लागतात. तोवर सचिव खोळंबतात आणि उत्पादकांचे पैसे अडतात. हे लवकर सुटायला हवं.

प्रोग्राम दर सभासदामागे वेगळी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) मारतो. अट अशी: सभासद_आयडी = अमुक आणि डेट(वेळ) बिट्वीन '२०२४-०६-०१' अँड '२०२४-०६-१०'. 'वेळ' हा टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन (टाइमझोन लक्षात घेणारी तारीख-वेळ), त्यावर इंडेक्स (नोंदी पटकन शोधून देणारी सूची) आहे. सभासद_आयडी फॉरेन की (सभासदांच्या टेबलाशी जोडणारा कॉलम) आहे. पॅरलल (एकच क्वेरी अनेक प्रोसेसमध्ये वाटणं) बंद करून एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ (क्वेरी कशी चालली त्याचा अहवाल) काढला:

सीक्वेन्शियल स्कॅन (अख्खं टेबल वाचणं), अंदाज ४ रो (नोंदी), प्रत्यक्षात २०
फिल्टरने वगळलेले रो: ४३,७९,९८०

डेट(वेळ) वर इंडेक्स करू गेलो, तर फंक्शन इम्म्यूटेबल (त्याच इनपुटला कायम तेच उत्तर देणारं) हवं असा एरर येतो. रॅम वाढवा असं सुचवलं गेलंय, पण मालकांना खर्चात पाडण्याआधी मूळ कारण कळायला हवं.

प्रतिसाद १
रॅम राहू द्या. २० रोसाठी अख्खं टेबल चाळलं जातंय, दुखणं तिथे आहे. फॉरेन की दिली म्हणून पोस्टग्रेस त्या कॉलमवर इंडेक्स करत नाही. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या इनोडीबी इंजिनात तो आपोआप होतो, म्हणून बरेच जण गृहीत धरतात. आणि 'वेळ'भोवती डेट() गुंडाळल्यामुळे त्यावरचा इंडेक्सही निरुपयोगी झालाय. शिवाय त्या फंक्शनच्या निकालाची आकडेवारी प्लॅनरकडे (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाकडे) नसते, तो ठोकळ्याने टेबलाचा अर्धा टक्का धरतो. त्याला सहा हजारांनी भागा, तुमचे ४ रो मिळतील.

अट उघडी लिहा: वेळ >= '२०२४-०६-०१' अँड वेळ < '२०२४-०६-११'. इंडेक्स (सभासद_आयडी, वेळ) याच क्रमाने; बरोबरीची अट आधी, रेंजची नंतर. तो क्रिएट इंडेक्स कॉन्करंटली वापरून करा, म्हणजे संकलनाच्या नोंदी थांबणार नाहीत. ट्रान्झॅक्शनच्या (एकगठ्ठा चालणाऱ्या कमांडच्या) आत ते चालत नाही, आणि मध्येच फसलं तर इनव्हॅलिड (निकामी) इंडेक्स मागे राहतो, तो ड्रॉप करावा लागतो. पुढे सवडीने तीनशे क्वेऱ्यांची ग्रुप बाय (सभासदवार गट) लावून एकच क्वेरी करा.

प्रतिसाद २
शो टाइमझोन ही कमांड देऊन बघा. यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्या साडेपाच तास मागे) असेल तर तुमचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतोय. सव्वापाचचं दूध आदल्या तारखेत जातं.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. टेस्ट कॉपीवर इंडेक्स केला, आता इंडेक्स स्कॅन येतोय आणि संस्थेची सगळी बिलं काही सेकंदांत निघतात. टाइमझोन खरंच यूटीसी आहे. तो एशिया/कोलकाता केला, तर बदलाच्या पहिल्या दिवशीचं पहाटेचं दूध जुन्या बिलातही आलेलं असेल आणि नव्यातही येईल. ते दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून काय करता?

प्रतिसाद २
फक्त त्या एका बिलाची सुरुवात '२०२४-०६-११ ०५:३०+०५:३०' अशी हाताने द्या. पुढच्या बिलापासून मध्यरात्र.