ऑगस्टअखेर मॉरिशस: आम्ही लंडनहून, आईबाबा मुंबईहून, राहायचं कुठे?

लीड्सकर_मुक्ता:
नमस्कार मंडळी, यंदा (२०२५) मुलांची शाळा सुरू व्हायच्या आधी एक आठवडा मॉरिशसला जायचा विचार आहे, आम्ही लंडनहून आणि आईबाबा साताऱ्याहून मुंबईमार्गे येतील, तिथेच भेटायचं. पूर्वेला बेल मारचं एक रिसॉर्ट बघून ठेवलंय, फोटो फारच सुंदर आहेत. पण आईचे गुडघे दुखतात, बाबा शुद्ध शाकाहारी, आणि २७ ऑगस्टला गणपती! यंदा गणपती काकांकडे आहेत तरी आई म्हणते सणाला परमुलखात कसं जायचं. प्लीज सांगा, बुकिंग लवकर करायचंय.

दर्यावर्दी:
मुक्ताताई, ऑगस्टमध्ये पूर्व किनारा नको. तिकडे तेव्हा थंडी असते आणि आग्नेयेकडून सतत वारा येतो, बेल मार नेमकं त्याच्या तोंडावर आहे, समुद्र सुंदर दिसतो पण संध्याकाळी वयस्कर माणसं बाहेर बसू शकत नाहीत. पश्चिमेला फ्लिक-आँ-फ्लाक बघा, मधल्या डोंगरांमुळे वारा अडतो, बीच लांबलचक आणि सपाट आहे, गुडघ्यांना त्रास नाही. फक्त सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, म्हणजे फिरायचं ते सकाळी लवकर निघून. आणि पाण्यात सगळ्यांनी रबरी बूट घालाच, प्रवाळ पायाला कापतं आणि स्टोनफिश दगडासारखा पडलेला असतो तो कळतही नाही.

कोकणची_सुमन:
आईंना सांगा बिनधास्त या! तिथे गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते, चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे यंदा २८ ला, आणि त्याच दिवशी बरेच गणपती समुद्रात विसर्जनाला निघतात. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी, सातारा भागातली माणसं मुंबई बंदरातून उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून गेली, त्यांच्या आजच्या पिढ्या घरी क्रिओल (तिथली फ्रेंचवरून आलेली बोली) बोलतात पण आरती मराठीत म्हणतात, ऐकताना अंगावर काटा येतो. फ्लिक-आँ-फ्लाकजवळच कास्काव्हेलला मराठा मंदिर आहे, आईंना तिथे नक्की न्या. बाबांची काळजी नको, रस्त्यावर ढोलपुरी मिळते, पुरणपोळीसारखी मऊ पण तिखटामिठाची, आत पिवळ्या वाटाण्याची डाळ आणि वर घेवड्याची रस्सा भाजी, गरमगरम दोन एकावर एक गुंडाळून कागदात देतात, फक्त मिरचीची चटणी आधी थोडीच घ्या.

दर्यावर्दी:
व्हिसाचं राहिलं. भारतीय पासपोर्टला आधी काढावा लागत नाही, पण परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग छापून आईबाबांच्या हातात द्या, मोबाइलवर ठेवू नका, काउंटरवर नेमका फोन बंद पडतो. प्रवासाआधी ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो तो तुम्हीच भरून टाका. एअरपोर्ट आग्नेय टोकाला आहे, त्यामुळे दोन्ही विमानांच्या वेळा जुळत नसतील तर आईबाबांसाठी हॉटेलचीच गाडी सांगा. गाडी चालवणं डाव्या बाजूने, तुम्हाला सोपं जाईल.

लीड्सकर_मुक्ता:
खूप खूप आभार दोघांचे! बेल मार रद्द, पश्चिमेलाच घेतेय. आईला आरतीचं सांगितलं तर तिने लगेच विचारलं, तिथल्या देवळात नारळ मिळेल ना की इथून न्यायचा? आणि गंगा तलावला, म्हणजे तिथल्या हिंदूंच्या पवित्र तळ्याला, पायऱ्या किती आहेत?

कोकणची_सुमन:
नारळ तिथेच मिळेल, विमानात नका नेऊ. गंगा तलावला गाडी अगदी जवळ जाते, काठावर उतरायला मोजक्याच पायऱ्या आहेत. पण तो भाग उंचावर आहे, किनाऱ्यावर ऊन असलं तरी तिथे भुरभुर पाऊस असू शकतो, आईंना स्वेटर आणि छत्री दोन्ही द्या.