अनुभव धागा : तुमचा लाडका राक्षस कोणता?

शनिवारपेठी

भयपट आवडतात असं चारचौघांत सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "भीती नाही वाटत?" वाटते ना, म्हणून तर बघतो. पण या धाग्यात मला भीतीपेक्षा आवडीबद्दल ऐकायचंय. आधी ज्याला बघून पांघरुणात तोंड खुपसलं आणि पुढे ज्याचं चित्र वहीच्या मागच्या पानावर गिरवत बसलात, असं तुमचं भूत, पिशाच्च, राक्षस कोणतं? सिनेमातलं, देखाव्यातलं, देवळाच्या दारावरचं, कुठलंही चालेल. "आमच्या चुलतमामांना घाटात खरंच हडळ भेटली होती" हे किस्से मात्र नकोत, त्यांच्यासाठी कोजागिरी आहे. इथे माणसांनी हातांनी घडवलेली भुतं पाहिजेत.

माझा लाडका म्हणजे १९३१ च्या 'फ्रँकेनस्टाइन'मधला, बोरिस कार्लॉफ या नटाने साकारलेला राक्षस. मूळ कादंबरीत त्या जीवाला पिवळट कातडी आणि लांब काळे केस आहेत. ते सपाट डोकं, जड पापण्या आणि मानेतले खिळे हे सगळं रंगभूषाकार जॅक पिअर्सच्या डोक्यातून आलेलं. त्याचा हिशोब साधा होता: मेंदू बसवणारा माणूस शास्त्रज्ञ आहे, सराईत सर्जन नाही, म्हणजे तो कवटी वरून सरळ आडवी कापणार आणि मेंदू आत ठेवून पुन्हा बंद करणार. म्हणून डोकं वरून सपाट. आणि ते खिळे नाहीतच, विजेची अग्रं आहेत. चित्रपट कृष्णधवल, त्यामुळे तोंडाला हिरवट राखाडी रंग फासला की पडद्यावर तो प्रेतासारखा पांढराफटक दिसायचा. कार्लॉफने नकली दातांचा ब्रिज काढून ठेवला आणि त्याचा एक गाल आत गेला. सुरुवातीच्या नामावलीत राक्षसाच्या भूमिकेपुढे नटाचं नाव नाही, फक्त प्रश्नचिन्ह आहे!

लिहा आता.

कात्रजचा_बोगदा

तात्या विंचू. विषय संपला. रामदास पाध्यांनी केलेला तो बाहुला १९९३ साली पडद्यावर आला, आणि आमच्या घरातल्या बहिणीच्या सगळ्या बाहुल्या त्या रात्री कपाटात कुलूपबंद झाल्या. किल्ली बाबांकडे.

सुधामावशी

आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात व्हीसीआर भाड्याने आणायचे. वर्गणी काढून तीन कॅसेट्स, रात्रभर. एक पौराणिक (आज्यांसाठी), एक मारधाडीचा आणि शेवटी, लहान मुलं झोपली असं समजून, रामसे बंधूंचा. मुलं अर्थातच झोपलेली नसायची. 'पुराना मंदिर' (१९८४) मी अशीच गोधडीच्या भोकातून पाहिली. त्यातला राक्षस सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल शिक्षणाने इंजिनिअर, रुरकीला शिकलेले, हे फार नंतर कळलं. बाकीच्यांना मुखवटे चढवावे लागतात, यांचा निम्मा परिणाम मुळातल्या उंचीचा आणि चेहऱ्याच्या हाडांचा.

रामसेंना लोक हसतात. मी नाही हसत. त्यांचं सगळं घरच कामाला होतं, एक भाऊ कॅमेऱ्यामागे, दोघं दिग्दर्शनाला, कुणी आवाजाला. 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) त्यांनी आपल्या महाबळेश्वरला जाऊन, थोड्या पैशात आणि मोजक्या माणसांत उरकला. धुकं फुकटात मिळालं असणार.

सामरी पहिल्यांदा पूर्ण दिसला तेव्हा वाड्यातल्या माईआजी जाग्या होत्या हे आम्हाला माहीतच नव्हतं. अंधारातून आवाज आला, "एवढा घोडा झालाय, नखं कापायला काय होतं याला?" त्यानंतर पिक्चर संपेपर्यंत कुणालाही घाबरता आलं नाही.

टेकडीवाला

माझं उत्तर वेताळ. मी रोज सकाळी वेताळ टेकडीवर जातो, लॉ कॉलेज रोडच्या बाजूने. वर वेताळबाबाचं देऊळ आहे, शेंदूर आहे, नारळ आहेत. म्हणजे आपण पुणेकर भुतांच्या राजाला नमस्कार करतो, मग उठाबशा काढतो आणि खाली उतरून पोहे खातो. कुठल्या पाश्चात्त्य भयपटात आहे ही सोय?

चित्रातला वेताळ मला 'चांदोबा'ने दिला. शंकर या नावाने चित्रं काढणारे के. सी. शिवशंकरन २०२० मध्ये, नव्वदी कधीच ओलांडल्यावर गेले. त्यांचा विक्रम आठवा: हातात तलवार, खांद्यावर प्रेत, मागे स्मशान. दर महिन्याला गोष्ट वेगळी, पण सुरुवातीला तीच चौकट. मी त्या चित्रात राजाकडे बघायचोच नाही. प्रेताचे लोंबणारे हात बघायचो. खरंखुरं वजन होतं त्या हातांना. हल्लीच्या संगणकी भुतांना नेमकं तेच नसतं, ती तरंगतात नुसती.

शनिवारपेठी

टेकडीवाले, या वजनाच्या मुद्द्यावर एक अख्खा धागा होईल. पुढे चला.

मंडपातला_माणूस

मी सिनेमे फार बघत नाही. पण राक्षस बनवतो, म्हणून लिहितो.

आमचं मंडळ पेठेतलं, मध्यम. हलता देखावा अजून सोडलेला नाही. पौराणिक विषय ठरला की बैठकीत पहिला प्रश्न मूर्तीचा नसतो, "राक्षस केवढा?" हाच असतो. लोक राक्षस बघायला येतात. देवाला हात जोडतात आणि मोबाईल राक्षसावर रोखतात, कुठल्याही चौकात उभं राहून बघा.

काम कसं चालतं ते सांगतो. आधी लोखंडी सळयांचा सांगाडा, त्यावर गोणपाट आणि पेंढा, वर शाडू. चेहरा मातीत पक्का झाला की प्लास्टरचा साचा काढायचा आणि साच्यात फायबर. धड एकदा केलं की वर्षानुवर्षं वापरतो. एका साली बकासुर, पुढच्या साली शिंगं लावून महिषासुर, मग शिंगं काढून मुकुट घातला की हिरण्यकश्यपू. पोट तेच. केसांना सुतळी उकलून काळी रंगवतो, विकतचे टोप उजेडात चमकतात आणि नकली दिसतात.

जबड्याला बिजागरी आणि खाली गाडीच्या वायपरची मोटर. खरी कला मोटरच्या वेगात आहे. जबडा भरभर हलला तर राक्षस पान खाल्ल्यासारखा दिसतो आणि लोक हसतात. वेग उतरवला, तोंड उघडल्यावर क्षणभर थांबवलं आणि मग मिटलं, तर बापाच्या खांद्यावरची पोरं रडायला लागतात. डोळ्यांचंही तसंच. लाल बल्ब सगळेच लावतात. आम्ही बल्ब लावत नाही, बुबुळं हलवतो. उजवीकडून डावीकडे, सावकाश. गर्दीतल्या प्रत्येकाला वाटतं माझ्याकडेच बघतोय. हसण्याचा आवाज शेजारच्या चौकातल्या वडापाववाल्याचा आहे, दरवर्षी त्याच्याकडूनच रेकॉर्ड करून घेतो.

माझ्या गुरूंचं एक म्हणणं मला पटतं. देवाच्या चेहऱ्यात कारागिराला मोकळीक नसते. डोळे असे, ओठ असे, प्रसन्न भाव, जरा फरक पडला की दहा जण बोलून जातात. राक्षसाला कुणी असाच कर म्हणत नाही. नाक वाकडं केलं तरी चालतं, एक सुळा मोठा केला तरी चालतं. त्यामुळे मूर्ती घडवणाऱ्याचा स्वतःचा हात बघायचा असेल तर राक्षसाचा चेहरा बघावा.

निहोंगो_निपुण

मंडपातले दादा, कडक! माझं थोडक्यात. जपानी शिकता शिकता तोरियामा सेकिएन भेटला. त्याने १७७६ मध्ये योकाई, म्हणजे तिकडच्या भुताखेतांची सचित्र पोथीच छापली. जपानी समजुतीनुसार घरातली वस्तू शंभर वर्षं जुनी झाली की तिच्यात जीव येतो आणि टाकून दिली असेल तर ती चिडते. आमच्या नारायण पेठेतल्या माळ्यावर या हिशोबाने एक फौज तयार आहे. आई काही टाकू देत नाही त्यामागे हेच कारण असावं.

अर्चना_कोथरूड

माझा अनुभव जरा वेगळा. आवड मुलाची आहे, वय वर्षं नऊ. तो फक्त राक्षस काढतो. निसर्गचित्र काढ म्हटलं तर डोंगर, सूर्य, झोपडी आणि झोपडीतून बाहेर आलेला हात. शाळेतून बोलावणं आलं. बाईंचा सूर काळजीचाच होता, पण मुलात काही बिघाड आहे असं धरून चाललेला. घरी काही बघतो का, भांडणं होतात का, वगैरे.

मी घरी येऊन त्याच्या सगळ्या वह्या नीट पाहिल्या. एकाही चित्रात राक्षस कुणाला मारत नाहीये. एक दात घासतोय. एकाला सहा हात आहेत आणि सहाही हातांना बांगड्या कशा बसतील याचं बाजूला गणित मांडलंय. एक 'पीएमटीत मावत नाही म्हणून दु:खी'. (त्याच्या आजोबांमुळे तो अजून पीएमटीच म्हणतो.) ज्याला हा बिघाड वाटतो त्याने मुलाला एकदा विचारावं, हा काय खातो? अर्धा तास उत्तर मिळेल.

कुणाला मुलांसाठी चित्रांची चांगली ठिकाणं माहीत आहेत का?

प्राच्यविद्या

अर्चनाताई, त्याला केळकर संग्रहालयात न्या, आणि तिथल्या संग्रहात चित्रकथींची, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगणाऱ्यांची, पैठण शैलीतली चित्रं आहेत, ती बघायला मिळतील का ते विचारा. चेहरे एका बाजूने काढलेले, डोळे भलेमोठे, आणि राक्षसांची लढाई म्हणजे नुसता धुमाकूळ. मग सुट्टीत शिवनेरीला जा आणि दरवाज्यांवरचे शरभ दाखवा. सिंहासारखं अंग असलेला हा काल्पनिक पशू आपल्या कितीतरी किल्ल्यांवर कोरलेला आहे. लोक तटावर फोटो काढतात आणि त्याच्या खालून निघून जातात.

माझा स्वतःचा लाडका कीर्तिमुख. जुन्या देवळांच्या उंबरठ्यावर सुळे दाखवणारा तो चेहरा. स्कंदपुराणातली गोष्ट कुठल्याही भयपटाला भारी आहे. जालंधराचा निरोप घेऊन राहू शंकराकडे येतो आणि पार्वतीची मागणी करतो. शंकराच्या रागातून एक भुकेला जीव उपजतो आणि राहूवर धावतो. राहू शरण येतो, शंकर त्याला सोडतात. मग हा जीव विचारतो, मी आता काय खाऊ? "स्वतःलाच खा." तो पायापासून सुरुवात करतो आणि खात खात फक्त चेहरा उरतो. शंकर खूश होऊन त्याला नाव देतात आणि दारावर कायमची जागा. आणि आपण त्याला ओलांडून आत जातो, हातात बेलाचं पान घेऊन.

रीळवाला

लॉ कॉलेज रोडच्या फिल्म अर्काइव्हमध्ये 'नोस्फेराटू' पाहिला होता, १९२२ चा, मूकपट. मोबाईलवर तुकडे पाहिलेले होते, ते काही खरं नव्हे. त्या थिएटरात मागे कुणीतरी खुर्चीत हललं तरी ऐकू येतं, आणि पडद्यावर जिन्यावरून फक्त सावली चढतेय. पिशाच्च नाही, त्याची सावली, लांब बोटांची.

हा सिनेमा ज्या 'ड्रॅक्युला' कादंबरीवरून केला, तिच्यातला ड्रॅक्युला दिवसाढवळ्या हिंडू शकतो. उन्हाने पिशाच्च मरतं हे या सिनेमाने आणलं आणि पुढच्या सगळ्यांनी उचललं. निर्मात्यांनी कादंबरीचे हक्क घेतलेले नव्हते, लेखकाच्या पत्नीने खटला जिंकला आणि सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम झाला. काही प्रती इकडेतिकडे राहिल्या म्हणून आपण बघू शकतो. १९६४ साली सुरू झालेल्या आपल्या अर्काइव्हची पायाभरणी करणारे पी. के. नायर जे मिळेल ते जमवत सुटले ते का, हे असा सिनेमा पाहिल्यावर पटतं.

दिवेघाट

'तुंबाड' कुणीच कसं नाही घेतलं अजून? २०१८ ला आला तेव्हा आमच्या थिएटरात मोजकी डोकी होती. २०२४ ला पुन्हा लागला तेव्हा रात्रीचा शो भरलेला, आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई. दुसऱ्या वेळी मी पडद्यापेक्षा लोकांकडे बघत होतो, त्यातला राक्षस हस्तर कधी उठतो ते मला माहीत होतं ना.

पण माझा लाडका हस्तर नाही. ती साखळदंडातली म्हातारी. तिची भूमिका मोहम्मद समद या मुलाने केली आहे, पुढे नायकाचा मुलगा पांडुरंग झालेला तोच. कळल्यावर पुन्हा पाहिला, तरीही मुलगा दिसेना. सिनेमातला वाडा सासवडचा पुरंदऱ्यांचा, दिवे घाट चढला की आलंच. मी बाहेरूनच बघून आलो. दिवसा, उन्हात, समोर मुलं क्रिकेट खेळत होती. तरी दरवाज्याजवळ मी पिशवीतली पोळीभाजी हातात घट्ट धरली होती. ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल.

लॅटेक्सवाली

मी अभिनव कला महाविद्यालयातून शिल्पकला करून आता रंगभूषेत आले आहे. माझी यादी लांब आहे, दोनच सांगते.

१९५४ च्या 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून'मधला तो कल्ल्यांचा जलमानव. त्याचं रूप मिलिसेंट पॅट्रिक या चित्रकर्तीने आखलं. स्टुडिओने आधी तिला प्रसिद्धीच्या दौऱ्यावर पाठवलं, मग विभागप्रमुखाला ते खुपलं, पडद्यावर श्रेय त्याच्या एकट्याच्या नावावर गेलं आणि तिचं काम सुटलं. मी माझ्या टेबलापुढे तिचा फोटो लावलाय, राक्षसाचा नाही.

दुसरा, 'द थिंग', १९८२. त्यातले राक्षस घडवणारा रॉब बॉटिन विशीतला पोरगा होता. इतका राबला की शेवटी इस्पितळात भरती झाला. त्या साली सिनेमा आपटला, कारण त्याच उन्हाळ्यात लोकांना 'ई.टी.'मधला गोड परग्रहवासी मिळाला होता. आज रबर, जिलेटीन, तारा यांचं काम शिकणारा प्रत्येक जण तो सिनेमा थांबवून थांबवून बघतो.

संगणकावरच्या राक्षसांशी माझं भांडण नाही, पण नटासमोर खरी लाळ गळणारी वस्तू ठेवली की त्याची मान आपोआप मागे जाते. ते अभिनयाने येत नाही.

मंडपातले दादा, तुमची ती बुबुळांची यंत्रणा बघायला मिळेल का?

मंडपातला_माणूस

या की. श्रावण लागला की गोडाऊन उघडतो. जुने कपडे घालून या.

अर्चना_कोथरूड

नऊ वर्षांचा एक जण आला तर चालेल?

मंडपातला_माणूस

आणा ताई. फक्त फायबरचं काम चालू असेल त्या दिवशी नको, त्याचे कण आणि वास घशाला वाईट. मातीच्या दिवशी आणा, कळवतो. चेहरा तेव्हा ओला असतो, एखादा दात त्याला करू देऊ.